बैलगाड्यांचे मैदान : घड्याळ, गट आणि नियम

वाचकहो, शर्यत पाहायला कोणाला आवडत नाही? ओढ्याच्या काठाने दोन पोरे पळू लागली, तरी वाटेने जाणारा माणूस घटकाभर थांबतो आणि कोण पुढे निघतो ते पाहून मगच पाऊल उचलतो. पण "शर्यत म्हणजे काय?" असे कोणी विचारले, तर उत्तर वाटते तितके सोपे नाही. पुढे कोण आला हे डोळ्यांना दिसते. पण तो आपल्या बळावर पुढे आला, की त्याची वाट सोपी होती, की त्याला अर्धा क्षण आधी सोडले, की शेजाऱ्याला कोणी आडवे आले, हे डोळ्यांना दिसत नाही. ते ठरवायला नियम लागतात. ज्या पळण्याला नियम आहेत ती शर्यत. बाकी सारी पळापळ.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात माळशिरस, सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या बाजूंना जत्रेचे दिवस आले, की बैलगाड्यांच्या मैदानाची बोलणी सुरू होतात. शेजारच्या सातारा-सांगली जिल्ह्यांत तर हे वेड आपल्याहून चढे आहे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतले मैदान आपल्याकडच्या शौकिनांना तोंडपाठ असते. हजारो माणसे बांधावर, झाडावर, ट्रॉलीवर चढून शर्यत पाहतात. मात्र मैदान चालते कसे, कोणती गाडी कोणाबरोबर पळते, फायनल कोणाची हे कसे ठरते, हे नीट सांगा म्हटले तर पुष्कळ जण अडखळतात. शिक्षकबंधूंना तर ही सोन्यासारखी संधी आहे. गणित, भौतिकशास्त्र, नागरिकशास्त्र आणि पशुपालन हे चारही विषय एका मैदानात सापडतात. म्हणून आज या मैदानाची रचना आपण उलगडून पाहू.

जगात कोठेही शर्यत लावा, सर्वांत वेगवान कोण हे ठरवण्याच्या मूळ पद्धती दोनच. एक, सगळ्यांना एकेकटे पळवायचे आणि घड्याळ लावायचे. दुसरी, सगळ्यांना शेजारी शेजारी उभे करून एकदम सोडायचे. गंमत अशी, की महाराष्ट्रात या दोन्ही पद्धती बैलांच्याच शर्यतीत नांदत आहेत.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांत, पहिली पद्धत चालते. तिथे धावपट्टीला 'घाट' म्हणतात, कारण ती चढाची असते. एका गाड्याला चार बैल जुंपतात. बहुधा पुढे घोडी धावते आणि तिच्या मागोमाग गाडा सुटतो. एका गाड्याच्या धावेला 'बारी' म्हणायचे. एक बारी संपली, की दुसरी. शेजारी कोणी नाही, झुंज फक्त घड्याळाशी. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ, पण त्या सेकंदांसाठी मालक वर्षभर बैलाला जपतो. दिवसभरात सर्वांत कमी वेळात घाट चढणारा गाडा 'घाटाचा राजा' ठरतो.

ही पद्धत दिसायला अगदी न्यायाची आहे. वाट एक, घड्याळ एक, मग भांडण कशाचे? पण थोडे गणित मांडून पाहू. समजा, एका बैलजोडीने ३०० मीटरचे अंतर २५ सेकंदांत कापले. म्हणजे सेकंदाला १२ मीटर, तासाला सुमारे ४३ किलोमीटर. आता घड्याळ धरणाऱ्या माणसाकडे या. निशाण पडलेले डोळ्यांनी पाहायचे आणि अंगठ्याने कळ दाबायची, यात माणसाचा साधारण एक पंचमांश सेकंद जातो. तेवढ्या वेळात आपली जोडी २.४ मीटर पुढे गेलेली असते. सुरुवातीला आणि शेवटी सारखाच उशीर झाला तर तो एकमेकांत जिरून जातो, हे खरे. पण तो सारखाच होईल याची हमी कोण देणार? तेव्हा हातातल्या घड्याळावर एक दशांश सेकंदाचा फरक दाखवून एकाला पहिला आणि दुसऱ्याला दुसरा ठरवणे हे धाडसाचे काम आहे. त्यासाठी किरण तुटताच आपोआप थांबणारे घड्याळ हवे. शिवाय सकाळची बारी आणि भर दुपारची बारी सारखी नसते. ऊन चढते, माती उखडते, वारा फिरतो. घड्याळ खोटे बोलत नाही, पण सगळे खरे सांगतेच असेही नाही.

आता आपण जरा समुद्रापलीकडे जाऊ. मोटारींच्या जगातही नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. युरोपात 'रॅली' नावाच्या मोटारशर्यती फार लोकप्रिय. त्यांत गाड्या रानावनातल्या कच्च्या रस्त्यांवरून एकामागून एक सुटतात आणि प्रत्येकीचा वेळ घड्याळावर मोजतात. थोडक्यात, आपल्या पुण्याकडच्या घाटासारखेच. पण रॅलीचा रस्ता मैलोन्‌मैल लांब. पाहणारा कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास उभा राहायचा आणि गाडी समोरून गेली, की त्याच्या वाट्याला चिखलाचा शिंतोडा तेवढा यायचा. जिंकले कोण, ते संध्याकाळी कळायचे.

यावर इंग्लंडमधल्या दूरचित्रवाणीवाल्यांनी तोड काढली. केंट परगण्यात लिडन हिल नावाचे एक छोटे शर्यतीचे मैदान आहे. तिथे ४ फेब्रुवारी १९६७ रोजी रॅलीच्या गाड्या एकत्र बोलावल्या. थोडी वाट डांबरी, थोडी मातीची, अशी फिरून जागेवर येणारी लहानशी धावपट्टी आखली आणि गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून सोडल्या. सारी शर्यत एका नजरेत मावली. त्या दिवशी विक एलफर्ड हा चालक जिंकला. या नव्या प्रकाराचे नाव पडले 'रॅलीक्रॉस'. त्याच वर्षीची एक घटना शेतकरी वाचकांना ऐकण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९६७ मध्ये इंग्लंडची सर्वांत मोठी रॅली ऐनवेळी रद्द करावी लागली. कारण काय, तर तिकडच्या गुराढोरांत लाळ-खुरकताची साथ पसरली होती आणि गावोगाव फिरणाऱ्या मोटारींमुळे रोग आणखी पसरेल अशी भीती होती. बैलाचे आजारपण मोटारीलाही थांबवते, ते असे!

पुढे युरोपभर हा खेळ रुजला आणि २०१४ मध्ये त्याची जागतिक अजिंक्यपद मालिका सुरू झाली. तिची त्या वर्षीची रचना ध्यानात ठेवा, कारण ती ऐकताच तुम्ही म्हणाल, "अहो, हे तर आपलेच मैदान!" प्रत्येक ठिकाणी आधी प्राथमिक फेऱ्या. प्रत्येक गाडीला अशा चार फेऱ्या मिळत आणि त्यांचे गुण एकत्र करत. वरच्या १२ गाड्या उपान्त्य फेरीत. तिथे सहा-सहांचे दोन गट. प्रत्येक गटातल्या पहिल्या तीन गाड्या अंतिम फेरीत. म्हणजे फायनलला सहा. अशा शर्यती वर्षभरात १२ निरनिराळ्या देशांत झाल्या, सगळीकडचे गुण मिळवले आणि नॉर्वेचा पेटर सोलबर्ग पहिला जगज्जेता ठरला.

आता परत घरी या. सोलापूर-सातारा-सांगली बाजूचे आपले मैदान हे या रॅलीक्रॉसचे थोरले भावंडच म्हणायला हरकत नाही. इथे चढ नाही. माळावर सरळ, सपाट धावपट्टी आखलेली असते. जुंपायचा तो 'छकडा', म्हणजे अगदी हलकी, दोन चाकांची गाडी. तिला दोन बैल आणि वर एक गाडीवान. छकडा हलका कशासाठी? तर बैलाचे बळ ओझे ओढण्यात न जाता वेग घेण्यात जावे म्हणून. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी हलवताना जोर कमीजास्त का लागतो, हे मुलांना समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. आणि एकदा वेग घेतलेला बैल जागच्या जागी थांबत नाही, म्हणून निकालाच्या रेषेपुढेही भरपूर मोकळे रान ठेवावे लागते. पुष्कळ अपघात धावपट्टीवर होत नाहीत. ते रेषेपुढे गर्दी केलेल्या हौशी माणसांत होतात. हे ज्या गावाला समजले, त्या गावाचे मैदान सुखरूप पार पडते.

धावपट्टीवर प्रत्येक गाडीची स्वतंत्र वाट असते. नांगरटीवरून तिला आपल्याकडे 'तास' म्हणतात. पहिला तास, दुसरा तास, असे पाच-सहा-सात तास. जितके तास, तितक्या गाड्या एका वेळी सुटणार. या गाड्यांचा मिळून एक 'गट'. कोणती गाडी कोणत्या गटात आणि कोणत्या तासावर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. सुरुवातीच्या रेषेवर बैल धरून ठेवणारी माणसे असतात. ते काम येरागबाळ्याचे नाही. उसळलेली जोडी सरळ धरायची आणि निशाण पडताच एका क्षणात मोकळी करायची, हे अंगात मुरलेले कसब आहे. निशाण पडले, की गाड्या सुटल्या. निकालाच्या रेषेवर झेंडा घेतलेले पंच उभे असतात. ज्याच्या बैलांनी रेषा आधी ओलांडली तो 'गट पास'. मग गट पास झालेल्यांची सेमी फायनल आणि त्यातून निघालेल्यांची फायनल. 'सेमी' आणि 'फायनल' हे शब्द इंग्रजीचा गंध नसलेल्या आमच्या म्हाताऱ्या गाडीवानांच्याही तोंडी इतके बसले आहेत, की त्यांना मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

ही रचना किती शहाणपणाची आहे, ते आकड्यांवरून पाहू. समजा, मैदानावर सहा तास आहेत आणि २१६ गाड्या आल्या. सहा-सहांचे ३६ गट झाले. ३६ विजेते सेमीला. त्यांच्या ६ सेमी. त्यांतून ६ गाड्या फायनलला. एकूण शर्यती ३६ अधिक ६ अधिक १, म्हणजे ४३. जो पहिला येणार, त्याचे बैल पळणार फक्त तीन वेळा. आता हेच काम कुस्तीसारखे जोड्या लावून केले असते तर? प्रत्येक लढतीत एक गाडी बाद होते. एक सोडून २१५ गाड्या बाद करायच्या, तर २१५ शर्यती हव्यात. एका शर्यतीला पाच मिनिटे धरली, तरी १,०७५ मिनिटे, म्हणजे जवळजवळ अठरा तास. आणि जिंकणाऱ्या जोडीला सात-आठ वेळा पळावे लागले असते. गटांची पद्धत वेळ तर वाचवतेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती बैलाचा जीव वाचवते. शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर मांडावे. घातांकाचा धडा मुले जन्मात विसरणार नाहीत.

पण या पद्धतीतही एक उणीव आहे. समजा, मैदानातल्या सर्वांत चपळ अशा दोन जोड्या चिठ्ठीने एकाच गटात आल्या. एक गट पास होईल आणि दुसरी, खरे तर फायनलच्या तोडीची, सकाळी दहालाच घरी जाईल. नशीब म्हणून गप्प बसायचे, दुसरे काय? रॅलीक्रॉसवाल्यांनी यावर उपाय केला तो असा, की प्रत्येक गाडीला अनेक फेऱ्या द्यायच्या आणि गुणांची बेरीज करायची. एखाद्या फेरीत नशीब फिरले, तरी बेरजेत ते धुऊन निघते. त्यांनी आणखी एक युक्ती काढली. धावपट्टीला एक थोडी लांबची पळवाट ठेवायची आणि प्रत्येकाने प्रत्येक फेरीत एकदाच, पण त्या वाटेने गेलेच पाहिजे असा नियम करायचा. कधी जायचे ते ज्याने त्याने ठरवावे. त्यामुळे पुढच्या गाडीमागे अडकलेल्या चालकालाही आपले डोके चालवून पुढे निघण्याची संधी मिळते.

आपल्याला हे उपाय जसेच्या तसे घेता येणार नाहीत. मोटारीत पेट्रोल ओतले, चाके बदलली, की ती दहा फेऱ्या मारील. बैलाला असे करता येत नाही. मग आपल्या हाती काय उरते? उरतो तो चिठ्ठीचा प्रामाणिकपणा. चिठ्ठ्या सर्वांसमोर, लहान पोराच्या हातून निघाल्या पाहिजेत आणि ध्वनिक्षेपकावरून तिथल्या तिथे पुकारल्या गेल्या पाहिजेत. सगळे तास सारखे नांगरून, दगड वेचून, पाणी मारून तयार केले पाहिजेत. नशिबाला मैदानातून पूर्ण हाकलता येत नाही. पण नशिबाच्या नावाखाली लबाडी घुसणार नाही, एवढे पाहता येते. ज्या मैदानात चिठ्ठ्या आडोशाला निघतात, तिथे दुसऱ्या वर्षी गाड्या कमी येतात, हे कोणी सांगायला नको.

दुसरा प्रश्न बरोबरीचा. रॅलीक्रॉसमध्ये सर्वांत ताकदवान गाड्या सुमारे ६०० अश्वशक्तीच्या, तर लहान वर्गातल्या गाड्यांचे इंजिन १६०० सीसीचे. दोघांना एका रेषेवर उभे करत नाहीत. आपल्या मैदानात इंजिनाऐवजी दात पाहतात. ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत तो 'आदत'. दोन कायमचे दात आले की 'दुसा', चार आले की 'चौसा'. साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमाराला पहिली जोडी येते आणि पुढे टप्प्याटप्प्याने पाचव्या वर्षापर्यंत आठही दात पुरे होतात. जन्माचा दाखला नसलेल्या जनावराचे वय सांगणारी ही निसर्गाची नोंदवही आहे. म्हणून आदतांचे मैदान वेगळे, दुसा-चौसांचे वेगळे आणि ज्यात कोणतेही बैल चालतात ते 'ओपन' वेगळे. कोवळ्या खोंडाला जाणत्या बैलाशी पळवू नये, हे पूर्वीच्या माणसांनी पुस्तक न वाचता ओळखले होते.

आणि हे बैल कोणते? तर आपले खिलार. पांढरा किंवा किंचित राखी रंग, बांधीव अंग, कमानीसारखी मागे वळलेली लांब शिंगे आणि नजरेत एक प्रकारची चमक. सोलापूर, सांगली, सातारा या कमी पावसाच्या पट्ट्याने घडवलेली ही जात. आटपाडी, म्हसवड अशा गावांच्या नावांनी तिचे पोटभेद ओळखले जातात. थोड्या चाऱ्यावर तग धरणारी, उन्हाला न भिणारी आणि चालीला तेज अशी तिची कीर्ती. सांगोल्याचा रविवारचा बाजार, खरसुंडीची यात्रा, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला भरणारा जनावरांचा बाजार, ही या जातीची मोठी पेठ. पण शेतात ट्रॅक्टर आला आणि बैलाचे काम सरले. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या देशी गाईबैलांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटलेली दिसली. काम नसलेला बैल दावणीला बांधून पोसणे गरीब शेतकऱ्याला परवडत नाही. शर्यतीचे शौकीन म्हणतात, की मैदान आहे म्हणून चांगल्या वळूला आणि खोंडाला किंमत आहे, आणि किंमत आहे म्हणून जात टिकली आहे. या म्हणण्यात तथ्य आहे.

परंतु दुसरी बाजूही तितक्याच शांतपणे ऐकली पाहिजे. मोटार आणि बैल यांत एक फरक असा आहे, की तो कोणत्याही नियमाने पुसता येत नाही. मोटारीचा चालक आपण होऊन शर्यतीत उतरतो, अर्जावर सही करतो. बैलाला कोणी विचारलेले नसते. मोटारीला चाबूक लागत नाही. बैलाला मात्र एकेकाळी काठी, खिळा, शेपटी पिरगाळणे, असे नको ते प्रकार सोसावे लागले. हे लपवण्यात अर्थ नाही. १९६० सालीच आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच कायद्याखाली जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत या दोहोंवर बंदी कायम केली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठी घडलेली नाही, असेही न्यायालयाने त्या वेळी म्हटले.

मैदाने ओस पडली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि शर्यतींचे नियमही तयार झाले, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्यांना मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांच्या चौकटीत शर्यतींना मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. म्हणजे साडेसात वर्षे खेळ बंद होता. तो पुन्हा सुरू झाला, तो एका अटीवर. आणि ती अट म्हणजे नियम पाळणे.

हे नियम काय आहेत? मुख्य मुख्य सांगतो. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. अनामत रक्कम भरावी लागते. धाव १,००० मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही. बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यकीय दाखला लागतो. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका, उत्तेजक औषध, यांना सक्त मनाई. शर्यतीचे चित्रीकरण करून ठेवावे लागते. हे मोडले तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाचकहो, या यादीकडे सरकारी कटकट म्हणून पाहू नका. रॅलीक्रॉसमध्येही शर्यतीआधी प्रत्येक गाडी तपासतात, वजन करतात, चालकाचे शिरस्त्राण पाहतात. तपासणीला नाही म्हणणारा तिथे रेषेवर उभाच राहू शकत नाही. आपल्याकडे दाखला बैलाचा, एवढाच फरक.

दाखल्याचे महत्त्व २०२२ साली सर्वांना कळून चुकले. लम्पी त्वचारोगाची साथ आली आणि त्या सप्टेंबरात राज्यभर जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबवाव्या लागल्या. चार जिल्ह्यांचे बैल जिथे एकत्र येतात, तिथे चार जिल्ह्यांचे रोगही एकत्र येऊ शकतात. एका आजारी बैलाला दडपून आत आणणारा मालक बक्षिसाच्या लोभाने दोनशे गोठ्यांत आग लावत असतो. इंग्लंडातली १९६७ ची रॅली आठवा म्हणजे झाले.

आता शेवटचा मुद्दा. रॅलीक्रॉसला 'मालिका' असते आणि आपले मैदान एकेकटे असते. इथले बक्षीस इथेच संपते; उद्या दुसऱ्या गावाला दुसरा अध्यक्ष, दुसरे पंच, दुसरी प्रवेश फी. मालिकेत वर्षभराचे गुण एका वहीत जमतात आणि त्यामुळे दोन गोष्टी साधतात. एक तर एका दिवसाच्या नशिबावर कोणी राजा ठरत नाही. दुसरे म्हणजे चोरी लपत नाही, कारण आज इथे नियम मोडणाऱ्याला उद्या तिथे नोंद आडवी येते. आपल्याकडे हे अशक्य आहे का? मला तसे वाटत नाही. आज जनावरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो. त्या क्रमांकापुढे बैलाचे वय, दाखल्याची तारीख, कोणत्या मैदानात किती वेळा पळाला, कधी जखमी झाला, एवढे जरी तालुक्यातल्या यात्रा समित्यांनी एकाच नमुन्याच्या वहीत लिहिले, तरी अर्धे काम झाले. परवा सांगलीकडे पळालेला बैल आज थकल्या पायांनी माळशिरसला जुंपला जातो आहे, हे वहीतून दिसेल. मोठमोठ्या बक्षिसांच्या, ट्रॅक्टर आणि मोटारींच्या आजच्या काळात ही वही बक्षिसापेक्षा मोलाची आहे, कारण बक्षीस मोठे झाले की बैलाला जादा पळवण्याचा मोहही मोठा होतो.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या जत्रेला मुलांना मैदानावर न्याल, तेव्हा त्यांच्या हाती एक कोरी वही द्या. किती तास होते, किती गट झाले, चिठ्ठी कोणी काढली, पहिल्या जोडीला दोन धावांमध्ये विश्रांती किती मिळाली, पाण्याची आणि सावलीची सोय होती का, कोणाच्या हाती काठी दिसली का, हे त्यांना टिपायला सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर बोला. मुले नुसता जल्लोष करून परतण्याऐवजी परीक्षकाच्या नजरेने पाहू लागतील. आणि गावच्या कारभाऱ्यांनीही पहिला गट सोडण्यापूर्वी नियमांचा कागद ध्वनिक्षेपकावरून एकदा मोठ्याने वाचावा. दोन मिनिटांचे काम आहे.

बेंदराला ज्याच्या शिंगांना आपण हिंगूळ लावतो, ज्याला पुरणपोळीचा घास भरवतो, त्याला मैदानातही त्याच मायेने वागवणे कठीण नाही. साडेसात वर्षांच्या बंदीने एवढे तरी शिकवले आहे, की हा खेळ बैलाच्या पायांवर उभा असला, तरी टिकतो तो माणसाच्या वागण्यावर. पुढच्या मैदानात निशाण पडेल, तेव्हा सगळ्यांच्या नजरा बैलांवर असतील. तुम्ही क्षणभर गाडीवानाच्या हाताकडेही पाहा. तो हात रिकामा असेल, तर समजा, मैदान चांगले चालले आहे.